ओव्हनचं दार कोण उघडतं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत, वय त्रेचाळीस. बडोद्यातल्याच एका स्विचगिअर कंपनीत प्रॉडक्शन आणि क्वालिटी मिळून एकोणीस वर्षं काढली. आता नोकरी सोडून स्वतंत्र मॅनेजमेंट कन्सल्टंट व्हायचं मनात आहे. विचारतात : एमबीए नाही, चालेल का? पहिलं काम कुठून मिळतं? फी किती सांगायची? आणि 'हँड्स-ऑन' सल्लागार म्हणजे नेमकं काय, क्लायंटच्या कारखान्यात आपण स्वतः किती हात घालायचा?

मी याच गावात याच धंद्यात बरीच वर्षं आहे, त्याआधी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात होतो. शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की बाकीचे तीन निम्मे सुटतात.

तुमच्याकडे विकण्यासारखं काय आहे? अनुभव, असं तुम्ही म्हणाल. अनुभव शेठकडेही आहे, आणि त्याच्या धंद्यातला तुमच्यापेक्षा जास्तच आहे. मोठ्या फर्मची पोरं येतात तेव्हा ती मॅनेजरांच्या मुलाखती घेतात, ईआरपीतून, म्हणजे कंपनीचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, आकडे काढतात आणि सुंदर स्लाइड बनवतात. हजार माणसांच्या कंपनीत ते चालतही असेल. पण बडोद्याच्या आसपास, मकरपुरा, पोर, सावली या औद्योगिक भागांत जे साठ ते दीडशे माणसांचे कारखाने आहेत तिथे ईआरपीत फक्त अकाउंट्सवाल्याला जीएसटीसाठी लागतं तेवढंच भरलेलं असतं. फ्लोअरवर काय चाललंय ते कुठेच लिहिलेलं नसतं, किंवा खोटं लिहिलेलं असतं. जॉब कार्ड, म्हणजे मालाबरोबर फिरणारं नोंदीचं कार्ड, कामाबरोबर भरलंय की संध्याकाळी एका बैठकीत, हे तुम्हाला अक्षर पाहून कळतं. मशीनपाशी उभं राहून स्वतः मोजता येणं हे तुमचं भांडवल. स्लाइड बनवणारे तुमच्यापेक्षा चांगले खूप आहेत, त्यांच्याशी तिथे स्पर्धा करू नका.

एक उदाहरण जरा लांबवून सांगतो, कारण त्यात सगळं येतं.

पोरच्या बाजूचा कारखाना. २५, ६३ आणि १०० केव्हीएचे ट्रान्सफॉर्मर, बहुतेक माल वीज कंपन्यांच्या टेंडरचा. डिलिव्हरी चुकली की बिलातून दंड कापला जातो, आणि तो दर महिन्याला कापला जात होता. शेठनी मला बोलावलं तेच निदान तयार ठेवून. दुसरा ओव्हन घ्यायचा आहे, तुम्ही फक्त साइज सांगा आणि कोटेशनं तपासून द्या. ज्यांनी ही लाइन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : कोअर (पत्र्यांचा गाभा) आणि कॉइल (तारेची गुंडाळी) जोडून झाले की तो सगळा जुडगा ओव्हनमध्ये वाळवतात. कॉइलवरच्या कागदात आणि प्रेसबोर्डात ओल असते, ती गेल्याशिवाय तेलाच्या टाकीत घालता येत नाही. ओल राहिली तर टेस्टिंगला इन्सुलेशनचं रीडिंग खाली येतं आणि अख्खा पीस परत उघडावा लागतो.

शेठचं निदान ऐकून घ्यायचं, त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायचं आणि त्यावर तिथे केबिनमध्ये काहीही बोलायचं नाही. मग फ्लोअरवर उलटं चालायचं, डिस्पॅचच्या गेटपासून स्टोअरकडे. सगळे पाहुण्यांना स्टोअरकडून नेतात. तो रस्ता झाडलेला असतो. उलटं गेलं की अडलेला माल आधी दिसतो, धूळ दिसते, आणि कोपऱ्यात उभा असलेला, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही असा रिजेक्ट पीस दिसतो.

सुपरवायझरला बरोबर घेतलं आणि खडूने एकेका पीसवर खूण करत मोजलं. कोअर बांधल्यापासून टेस्टिंग होईपर्यंत लाइनवर २४० नग होते. डिस्पॅचच्या रजिस्टरवरून मागच्या महिन्याची सरासरी काढली, दिवसाला ८. २४० भागिले ८, म्हणजे आज कोअर बांधलेला पीस कामाचे ३० दिवस उलटल्यावर बाहेर पडणार. हा काही माझा शोध नाही. जॉन लिटल यांनी १९६१ साली हा नियम गणिताने सिद्ध केला : आत जेवढा माल आहे त्याला बाहेर पडण्याच्या वेगाने भागा, थांबण्याचा काळ मिळतो. बँकेच्या रांगेपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे लागू. शेठ गिऱ्हाइकाला तीन आठवडे सांगत होते. म्हणाले, "शक्यच नाही." मी म्हटलं, गेलेल्या मालातली पाच जॉब कार्डं तुम्हीच काढा, मी हात लावत नाही. कार्डांवरच्या तारखा पाहून ते गप्प झाले. एवढं काम व्हायला एक सकाळ लागते, आणि त्याला लॅपटॉप लागत नाही.

२४० पैकी ९० च्या आसपास नग ओव्हनच्या अलीकडे ताटकळत होते. म्हणजे शेठचं बरोबरच होतं की! वाइंडिंग, म्हणजे कॉइल गुंडाळणारा विभाग, दिवसाला १० देतंय, ओव्हनमधून ८ बाहेर पडतायत, तर घ्या दुसरा ओव्हन. ईआरपीवरून अहवाल लिहिणारा इथेच थांबला असता आणि त्याला कोणी चूक म्हटलं नसतं.

पण ओव्हनमध्ये एका वेळी १२ नग मावत होते आणि वाळायला अठरा तास पुरत होते. भरणं-काढणं धरलं तरी दिवसाला एक बॅच, १२ नग, आरामात निघायला हवेत. मग ८ च का? याचं उत्तर दिवसा मिळत नाही. दुपारी दहा नग ओव्हनमध्ये गेले तेव्हा मी तिथे खुर्ची टाकली ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

रात्री दहाच्या सुमारास चहा आला तेव्हा तापमानाचं रजिस्टर सहज उघडलं. १०५, १०५, १०५, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. खाली पाहत गेलो तर पहाटे सहाचं तापमानही लिहून झालेलं होतं. ऑपरेटरला मी काहीच म्हटलं नाही. त्याला कोणी विचारत नाही, ऑडिटच्या आधी रजिस्टर पूर्ण हवं एवढंच सांगितलेलं असतं. खरी गोष्ट तोवर घडून गेली होती. साडेसातला ऑफिसमधून मार्केटिंगचा फोन आला : उद्या वीज कंपनीचा इन्स्पेक्टर येतोय, लॉटमध्ये दोन पीस कमी पडतायत, आत्ताच्या आत्ता घाला. सुपरवायझरने ओव्हनचं दार उघडलं, दोन थंड, ओले पीस आत सरकवले, दार लावलं. कंट्रोलरचा आकडा सत्तरच्या घरात उतरला आणि पुन्हा वर चढायला बराच वेळ लागला. त्यातही जाणारा वेळ हा छोटा तोटा. मोठा तोटा असा की ते दोन वाळेपर्यंत आधीचे दहा, वाळून तयार असले तरी, आतच. बॅच एक दिवसाची दीड दिवसाची झाली. १२ नग दीड दिवसात, म्हणजे दिवसाला ८. हिशेब लागला.

सुपरवायझरला विचारलं, असं किती वेळा होतं? तो म्हणाला, "साहेब, न होता बॅच निघालेली आठवत नाही." मग शेठना का नाही सांगितलं? "त्यांनी कधी विचारलं नाही." हे वाक्य तुम्हाला प्रत्येक कारखान्यात ऐकायला मिळेल.

आता हात घालण्याचा मुद्दा. यात मी काय केलं आणि काय केलं नाही, ते बघा. ओव्हनशेजारी एक व्हाइट बोर्ड लावला. चार रकाने : बॅच कधी लावली, दार कधी उघडलं, कोणाच्या सांगण्यावरून, माल बाहेर कधी. सुरुवातीला बोर्ड मी स्वतः लिहिला. मुद्दाम. साहेब माणूस मार्करने हात काळे करून लिहितोय हे बघितल्यावर ऑपरेटरला ते हलकं काम वाटत नाही. मग मार्कर त्याच्या हातात दिला. ओडिशाचा मुलगा होता, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. एकदा त्याने लिहायला घेतल्यावर मी मार्करला हात लावला नाही, एखादी नोंद राहिली तरी.

तिसऱ्या रकान्यात मार्केटिंग, मार्केटिंग, मार्केटिंग असं उतरत गेलं. मग एके दिवशी त्यात शेठचं नाव आलं. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा माल होता, त्यांनी स्वतः फोन केला होता. संध्याकाळी राउंडला आले, बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मारुं नाम कोणे लख्युं?" ऑपरेटर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, मीच सांगितलंय, जो फोन करेल त्याचं नाव लिहायचं, माझं असलं तरी. शेठ हसले नाहीत, पण पुसायलाही सांगितलं नाही. सल्लागाराचा खरा उपयोग अशा जागी असतो. ते नाव लिहिण्याची हिंमत त्या मुलाची नव्हती, सुपरवायझरची नव्हती आणि प्रॉडक्शन मॅनेजरचीही नव्हती. मी बाहेरचा होतो, माझं इन्क्रिमेंट त्यांच्या हातात नव्हतं.

नियम त्यांच्या प्लॅनिंगच्या मुलाने बनवला : तीनपर्यंत उद्याच्या इन्स्पेक्शनची यादी, चारला ओव्हनचं दार बंद, त्यानंतर दार उघडायचं तर शेठची लेखी सही, फोन चालणार नाही. मला वेळ साडेचारची बरी वाटत होती. मी बोललो नाही. चारचा नियम त्याचा होता, म्हणून तो त्यासाठी मार्केटिंगशी भांडला. साडेचारचा माझा असता तर भांडायला मला जावं लागलं असतं. बॅच एका दिवसात निघायला लागली, ओव्हनपुढची गर्दी उतरली, ओव्हनची खरेदी बाजूला पडली. पुढे दोनेक वर्षांनी धंदा वाढला तेव्हा त्यांनी दुसरा ओव्हन घेतलाच, आणि तेव्हा तो घ्यायलाच हवा होता.

तर हात किती घालायचा? बघताना, मोजताना आणि पहिल्यांदा करून दाखवताना कोपरापर्यंत. चालवताना अजिबात नाही.

हे लिहायला सोपं आहे, पाळायला महाकठीण, कारण आपण इंजिनिअर आहोत. बिघडलेलं दिसलं की हात शिवशिवतात. आणि शेठ हुशार असतो, त्याला ते कळतं. दुसऱ्या महिन्यात म्हणतो, "तुम्ही एवढं बघताच आहात, तर परचेसचं पण जरा बघा ना." मग स्टोअर, मग रविवारचा फोन की क्रेन बंद पडलीय. सहा महिन्यांत तुम्ही बिनपगारी प्लांट हेड होता, आणि त्यांचा खरा प्लांट हेड तुमच्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. मी तीन-चार गोष्टींना कधीच हात लावत नाही. परचेस ऑर्डरवर सही नाही. ईआरपीचा पासवर्ड घेत नाही. कामगाराला रागावत नाही, त्याच्या पगाराबद्दल शब्द काढत नाही. कुणाला काढायचं याची यादी देत नाही. मागतात, बऱ्याच वेळा मला बोलावतात तेच त्यासाठी. आणि मशीन किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून कमिशन तर चहाच्या पैशाइतकंही नाही. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे. तुम्ही सुचवलेल्या व्हेंडरने तुम्हाला दोन टक्के दिले ही गोष्ट मकरपुऱ्यात महिनाभरही लपत नाही. शेठ तोंडावर काही बोलत नाही, फक्त पुन्हा बोलावत नाही.

चालवताना हात न घालण्याचं एक जुनं उदाहरण आपल्या बडोद्यातच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवायला बोलावलं. बोर्डन इथे १९१३ पर्यंत होते, म्हणजे जेमतेम तीन वर्षं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची व्यवस्था लावली, पण त्याचबरोबर इथल्याच माणसांसाठी ग्रंथपालनाचा वर्गही काढला. ते गेले आणि गावोगावची ग्रंथालयं इथल्या माणसांनी चालवली, वाढवली. बोर्डन स्वतः काउंटरवर पुस्तकं देत बसले असते तर त्यांच्या बोटीबरोबर सगळं परत गेलं असतं. कुठलंही काम घेताना मी पहिल्याच आठवड्यात विचारतो, माझ्यानंतर हे कोण करणार, त्याचं नाव सांगा. नाव सांगता आलं नाही तर काम सुरूच करत नाही. "कोणीतरी बघेल, थई जशे" हे उत्तर मी नाव म्हणून धरत नाही.

फ्लोअरवरच्या माणसांबद्दल थोडं. तुम्ही क्वालिटीतून आलात, म्हणून सांगतो : पहिल्या दिवशी खिशातून स्टॉपवॉच काढू नका. आपला हा धंदा ज्याच्यापासून मोजतात तो फ्रेडरिक टेलरही इंजिनिअरच. नोकरी सोडून १८९३ पासून त्याने स्वतंत्र सल्लागारीचं काम केलं. त्याच्या पद्धतीने अमेरिकेत वॉटरटाऊनच्या शस्त्रागारात १९११ साली एका साच्याच्या कामगारावर घड्याळ लावलं आणि साचेवाले काम टाकून बाहेर पडले. प्रकरण त्यांच्या संसदेपर्यंत गेलं. शंभर वर्षांहून जास्त झाली, पण मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की आपल्याकडच्या कामगाराच्या मनात आजही तेच येतं : आता माणसं कमी करणार. म्हणून मी आधी सांगतो काय मोजतोय. डाय बदलायला वेळ लागतो तो तुझ्यामुळे नाही. बोल्ट सापडत नाहीत, क्रेन येत नाही, ड्रॉइंग ऑफिसात पडलंय, ते मला लिहायचंय. व्हिडिओ घेतला तर पहिल्यांदा त्यालाच दाखवतो. तो स्वतःच सांगतो, "ये देखिए, यहाँ मैं पाना ढूँढ रहा हूँ." तिथून पुढे तुम्हाला फार काही बोलावं लागत नाही. आणि हिंदी-गुजराती दोन्ही साफ हवीत. दांडिया बाजारातलं आपलं मराठी घरी छान आहे, पण फ्लोअरवर सुपरवायझर गुजराती आणि हात बिहार-ओडिशाचे.

याहून नाजूक प्रकरण घरातलं. बडोद्यातल्या अशा बहुतेक कारखान्यांत एक मोटाभाई असतात आणि एक मुलगा, बाहेरून शिकून आलेला. तुम्हाला बऱ्याचदा मुलगा बोलावतो, आणि त्याला सल्ला नको असतो, साक्षीदार हवा असतो : पप्पांना सांगा की मी म्हणतो तेच बरोबर. किंवा उलट, वडील बोलावतात, पोराला जमिनीवर आणायला. पहिल्या बैठकीला दोघंही समोर हवेत असा आग्रह धरा. एकालाच भेटून काम घेतलंत तर तुमचा अहवाल दुसरा वाचतच नाही. मी एक पान लिहितो, एकच, दोघांच्या हातात एकाच वेळी देतो. त्यात आधी मोजलेले आकडे, मग कुठे मोजले, मग तीन कामं, आणि प्रत्येकापुढे त्यांच्या माणसाचं नाव. चाळीस पानांचा अहवाल मी सुरुवातीला लिहीत असे. कपाटात छान दिसतात.

उरलेले प्रश्न पटापट घेतो.

एमबीए लागत नाही. मला आजवर एकाही शेठनी विचारलेलं नाही. काही कंपन्यांना आणि सरकारी कामांना कागद लागतो, तेव्हा आपल्याकडच्या मॅनेजमेंट कन्सल्टंटच्या संस्थेचं सीएमसी (सर्टिफाइड मॅनेजमेंट कन्सल्टंट) हे प्रमाणपत्र उपयोगी पडतं. दोन-तीन वर्षं काम झाल्यावर बघा, आत्ता नको. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी केंद्राच्या झेड (दर्जाचं प्रमाणपत्र) आणि लीन (कामातला अपव्यय कमी करणं) या योजना आहेत. लीनमध्ये सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं, त्यामुळे छोटा कारखानदार सहज तयार होतो. जरूर शिकून घ्या. पण फक्त प्रमाणपत्रासाठी फायली भरून देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू नका. आयएसओच्या नावाखाली ते खूप होतं, आणि एकदा 'कागदवाला' अशी ओळख झाली की फ्लोअरवर कोणी उभं करत नाही. तुम्हाला खरंच शिकायला हवं ते कॉस्टिंग. एका नगात माल किती, मजुरी किती, मशीनचा तास कितीला पडतो, अडकलेल्या मालावर व्याज किती जातं, हे शेठच्या अकाउंटंटशी त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. आम्ही इंजिनिअर मिनिटांत बोलतो. शेठला रुपये लागतात. वरच्या ९० नगांत अडकलेलं तांबं, सीआरजीओ (कोअरचा खास पोलादी पत्रा) आणि कामाचे तास रुपयांत मांडले तेव्हा कुठे शेठनी खुर्ची पुढे ओढली.

पहिलं काम बहुधा तुमच्या कंपनीच्या सप्लायरांकडून येईल. शीट मेटलवाला, प्लेटिंगवाला, मोल्डिंगवाला. त्यांचा रिजेक्ट माल तुम्हीच इतकी वर्षं परत पाठवलाय, त्यांचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. पण सध्याची नोकरी असताना बोलणी नकोत, आणि नोकरीतली ड्रॉइंग, रेट, व्हेंडरची यादी यातलं काहीही पेनड्राइव्हवर घरी आणू नका. ते नीतीने वाईट आहेच, शिवाय नवा क्लायंट ते बघून खूश होत नाही. हा उद्या माझंही असंच नेईल, एवढंच त्याच्या मनात येतं. एकाच मालाच्या दोन कारखान्यांचं काम एका वेळी घेऊ नका. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरवाले सगळे एकमेकांना ओळखतात, लग्नात भेटतात. व्हीसीसीआय आणि एफजीआय या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जा, भाषण करायला मिळालं तर उत्तम, पण तिथे वाटलेल्या कार्डांवरून काम येतं असं समजू नका. एका कारखान्यातून बाहेर पडलेला मॅनेजर दुसऱ्या कारखान्यात जातो आणि तुम्हाला फोन करतो, काम येतं ते असं. म्हणून मॅनेजरला त्याच्या शेठसमोर कधी उघडं पाडायचं नाही.

फी. दिवसाची सांगा, आणि ती उलट्या बाजूने काढा. समजा घराला आणि बचतीला वर्षाला १५ लाख हवेत. गाडी, विमा, सीए, फोन, न मिळालेल्या कामांमागचे हेलपाटे मिळून ३ लाख धरा. १८ लाख. आता बिल लावता येतील असे दिवस किती? नवा माणूस २५० म्हणतो. महिन्याला १० धरा, वर्षाचे १२०. बाकीचे दिवस भेटी, लिखाण, वसुली यात जातात. १८ लाख भागिले १२० म्हणजे दिवसाला १५ हजार. हा आकडा तोंडातून निघताना पहिल्यांदा आवाज चिरकतो. आपल्या मराठी घरांत पगार येतो, पैसे मागण्याची सवय नसते. आरशासमोर म्हणा, पण कमी करू नका. एकदा आठ हजारांचा माणूस झालात की त्या गावात पंधराचे होता येत नाही.

पहिली पाहणी फुकट करू नका. दोन-तीन दिवसांची पाहणी वेगळी, तिचे पैसे आगाऊ, आणि तिच्यानंतर दोघंही सुटे. शेठ म्हणेल, बचत होईल त्यातले दहा टक्के घ्या. आकर्षक वाटतं. घेऊ नका. बचत मोजायची कशी यावरून भांडण होतं, तांब्याचा भाव खाली आला तर ती बचत तुमची की बाजाराची? आणि टक्केवारीच्या नादात तुम्ही लवकर दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे लागता. ओव्हनच्या बोर्डाला टक्केवारी लावता येत नाही.

कागदोपत्री : सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते, सल्लागारीला १८ टक्के, तो फीच्या वर वेगळा लावायचा. क्लायंट सहसा १० टक्के टीडीएस कापून चेक देतो, म्हणजे हातात येणारा पैसा तेवढा कमी धरून चला. आणि उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच महिन्यात करा, फुकट आहे. तुम्ही सूक्ष्म उद्योग ठरता, आणि लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने तुमचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. त्यामुळे हल्ली मार्चमध्ये क्लायंटचा सीएच त्याला तुमच्या बिलाची आठवण करून देतो. उद्यमचा नंबर बिलावर ठळक छापा.

एक घरगुती बाब, तुम्ही विचारली नाहीत तरी. घराचं किंवा गाडीचं कर्ज काढायचं असेल तर राजीनाम्याआधी काढा. सॅलरी स्लिप हातात आहे तोवर बँक दारात येते. नंतर तीन वर्षांची रिटर्न्स मागते. आरोग्य विमाही कंपनीचा संपण्याआधी स्वतःचा सुरू करा, आधीच्या आजारांची प्रतीक्षा मुदत नोकरीत असतानाच सरायला लागेल. आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला हवा. सहा महिन्यांचा पुरतो असं सांगणारे भेटतील. काम सहा महिन्यांत मिळतंही, पण त्याचा चेक यायला अजून दोन-तीन महिने जातात, आणि त्या काळात शेठ "आवता अठवाडिये" म्हणत असतो.